चारशे उच्चारांची भाषा: मँडरिन शिकण्याआधी हे समजून घ्या

मराठी बाराखडीचा तक्ता डोळ्यांसमोर आणा. ३४ व्यंजनं, प्रत्येकाची बारा रूपं. गुणाकार केला की ४०८ होतात. मँडरिन चिनी भाषेतले सगळे उच्चार, म्हणजे तोंडातून एका दमात निघणारे एकूण एक तुकडे मोजले, तर तेही साधारण ४००च भरतात. आपल्याकडे बाराखडी ही नुसती सुरुवात असते. तिच्यापुढे जोडाक्षरं येतात, 'गर्द', 'स्वप्न', 'स्त्री' येतात, आणि उच्चारांची मोजदाद हाताबाहेर जाते. मँडरिनमध्ये जोडाक्षरांचा तो पसाराच नाही. उच्चाराच्या शेवटी स्वर, नाहीतर न् किंवा ङ्, आणि बीजिंगकडे जिभेला मुरड घालणारा एखादा र्. या ४०० उच्चारांवर चार सूर चढवले, तरी हिशेब सुमारे १,३००च्या पुढे जात नाही. तत्त्वज्ञान, शिव्या, कायदा आणि पाककृती सगळं एवढ्यात बसवायचं.

मँडरिन शिकू पाहणारे लोक बहुधा विचारतात ते सुरांबद्दल, आणि चिन्हं किती हजार पाठ करावी लागतात याबद्दल. माझ्या मते त्यांनी आधी हा ४००चा आकडा नीट समजून घ्यावा. सूर का आहेत, चिन्हं अजून का टिकली आहेत, आणि चिनी माणूस नववर्षाच्या ताटात मासा का ठेवतो, या तिन्ही गोष्टींची वाट तिथूनच जाते.

उच्चारांच्या बाबतीत मराठी माणसाची एक मोठी सोय आहे. चिनी भाषा रोमन लिपीत लिहायची जी पद्धत आहे, तिला पिनयिन म्हणतात. चीनने ती १९५८मध्ये मंजूर केली. तिच्यातला d हा आपला 'द' नव्हे, तो 'त'. आणि t म्हणजे 'थ'. g म्हणजे 'क', k म्हणजे 'ख'. इंग्रजी बोलणाऱ्याला हा भेद महिनोन् महिने घोटावा लागतो. 'ताट' आणि 'थाट' यांतला फरक ज्याला उपजत कळतो, त्याला पाच मिनिटं पुरतात. 'च'चंही तसंच. 'चमचा'तला च वेगळा आणि 'चिमणी'तला वेगळा, हे आपल्याला कुणी शिकवत नाही; मँडरिनमध्ये हे दोन्ही च आहेत, शिवाय जीभ मागे वळवून काढायचा तिसरा आहे. शाळेत पोटफोड्या 'ष' लिहायला शिकवतात आणि उच्चार सगळे 'श'चाच करतात. तो बिचारा ष मँडरिनमध्ये एकदाचा कामाला येतो, कारण तिथे श आणि ष यांची गल्लत चालत नाही. या लेखात चिनी शब्द मी कानाला येतात त्याच्या जवळपास लिहिले आहेत. माणसांची आणि गावांची नावं मात्र वर्तमानपत्रांत छापतात तशी.

व्याकरणातही एक ओळखीची जागा भेटते. ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि त्याला वगळून 'आम्ही' हा भेद इंग्रजीत नाही, हिंदीतही नाही. उत्तर चीनच्या बोलण्यात तो आहे: 'चामन' म्हणजे आपण (च 'चमचा'तला), 'वोमन' म्हणजे आम्ही. हा धडा मराठी विद्यार्थी न वाचताच पास होतो.

आता सूर. 'हो' हा शब्द चार तऱ्हांनी म्हणून बघा. फोनवर कंटाळून लांबवलेला सपाट 'होऽऽ'. आश्चर्याने वर चढणारा 'हो?'. विश्वास बसत नाही म्हणून आधी खाली जाऊन मग वर येणारा. आणि विषय संपवणारा, वरून खाली आपटलेला 'हो!'. चार सूर झाले. आपण ते मनातला भाव सांगायला वापरतो; मँडरिनमध्ये त्यांनी शब्दच बदलतो. 'मा' सपाट म्हटलं की आई, चढत्या सुरात अंबाडीसारखं धाग्याचं एक पीक, खाली जाऊन वर आलं की घोडा, आणि आपटलं की रागे भरणं.

म्हणजे सूर घशातून काढणं जड नाही. भावना त्यातून काढून घेणं जड आहे. मराठी माणूस प्रश्न विचारताना वाक्याचा शेवट आपसूक वर नेतो, आणि शेवटच्या शब्दाचा सूर बिघडवतो. त्यावर उपाय भाषेनेच दिला आहे. वाक्य होतं तसं ठेवायचं आणि शेवटी बिनसुराचा एक 'मा' लावायचा. आपला 'का' हेच काम करतो: 'तू येतोस', 'तू येतोस का'. पहिले काही महिने सगळे प्रश्न हा 'मा' लावूनच विचारावेत, असं मी सांगेन.

१,३०० उच्चारांत संसार करायचा म्हणजे एकेका उच्चारावर गर्दी होणारच. चीन सरकारने २०१३ साली प्रमाण चिन्हांचा जो तक्ता जाहीर केला त्यात ८,१०५ चिन्हं आहेत, त्यांपैकी ३,५०० रोजच्या वापरातली. ही ३,५०० सुद्धा १,३०० उच्चारांत सारखी वाटलेली नाहीत. काही उच्चारांवर एखादंच चिन्ह, तर काहींवर डझनावारी. हे असं पूर्वापार नव्हतं. जुन्या चिनी भाषेत उच्चारांची चैन जास्त होती, शब्दांच्या शेवटी प्, त्, क् येत असत. दक्षिणेकडच्या कँटोनीजमध्ये ते अजूनही आहेत. उत्तरेत मात्र शतकानुशतकं हे शेवट झिजत गेले आणि एकेकाळी वेगळे असलेले शब्द एकाच उच्चारात येऊन पडले.

भाषेने यावर तोडगा काढला तो जोड्या लावण्याचा. एका उच्चाराचा शब्द ओळखू येईना, तेव्हा त्याच अर्थाचा दुसरा शेजारी बसवला. 'फंगयौ' म्हणजे मित्र. यातल्या 'फंग'चा अर्थ मित्र आणि 'यौ'चाही मित्रच. आपलं 'कागदपत्र' असंच आहे, पण आपण ते नुसतं 'कागद' म्हटलं तरी भागतं. तिथे ही जोडी ऐकणाऱ्याची गरज आहे. म्हणून शब्द पाठ करताना सुटा उच्चार पाठ करू नये, जोडीच पाठ करावी.

जोडी नसली की काय होतं, हे झाओ युआनरेन या भाषाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकात गमतीने दाखवून दिलं. त्यांनी एक छोटी गोष्ट लिहिली: दगडी घरात राहणारा षि आडनावाचा कवी दहा सिंह खायचं ठरवतो. जुन्या, आटोपशीर चिनी शैलीत लिहिलेल्या या गोष्टीत नव्वदहून अधिक चिन्हं आहेत आणि प्रत्येकाचा उच्चार 'षि' आहे, फक्त सूर वेगवेगळे. डोळ्यांनी वाचली तर गोष्ट कळते. मोठ्याने वाचली तर षि, षि, षि.

रोजच्या व्यवहारातही हे दिसतं. एखाद्याने आडनाव 'चांग' सांगितलं की समोरचा विचारतो, कुठलं? उत्तर येतं, 'धनुष्य आणि लांब'वालं, किंवा 'उभं आणि सकाळ'वालं. चिन्ह ज्या तुकड्यांचं बनलं आहे ते तुकडे सांगायचे. त्यानेही भागलं नाही तर तळहातावर बोटाने गिरवून दाखवायचं. चिनी दूरचित्रवाणीवर चिनी कार्यक्रमांनाच चिनी अक्षरपट्टी असते, त्याचंही एक कारण हे. दुसरं कारण म्हणजे देशभरातल्या निरनिराळ्या बोली.

तर चिन्हं टिकली ती निव्वळ परंपरेच्या प्रेमामुळे नाही. कानाची गल्लत तिथे डोळा निस्तरतो. आणि ती दिसतात तेवढी बेशिस्तही नाहीत. चिनी चिन्ह म्हणजे चित्र, असा एक समज आहे. डोंगर, झाड, सूर्य अशा थोड्या चिन्हांपुरता तो खरा आहे. बहुतेक चिन्हं दोन तुकड्यांची असतात: एक तुकडा अर्थाची दिशा दाखवतो, दुसरा उच्चार सुचवतो. निळ्या-हिरव्या रंगाला 'छिंग' म्हणतात. त्या चिन्हाला डावीकडे पाण्याचे तीन थेंब जोडले की होतं 'छिंग', म्हणजे नितळ. सूर्य जोडला की 'छिंग', निरभ्र. हृदय जोडलं की 'छिंग', भावना. बोलण्याची खूण जोडली की 'छिंग', विनंती करणं. डोळा जोडला तर उच्चार जरा सरकून 'चिंग' होतो आणि अर्थ बुबुळ. सूर बदलतात, पण घराणं एक. दोन-तीनशे चिन्हं हाताने गिरवून झाली की ही घराणी दिसायला लागतात आणि पुढची चिन्हं निम्म्या कष्टात बसतात. म्हणून सुरुवातीची चिन्हं कागदावर लिहावीत, असं माझं ठाम मत आहे. त्यानंतर खुशाल टाइप करावं. चीनमधली तरुण मंडळी तेच करतात. पिनयिनमध्ये उच्चार टाइप करायचा, फोन त्या उच्चाराची चिन्हं रांगेने दाखवतो, हवं ते निवडायचं. पिनयिन घडवणाऱ्यांपैकी प्रमुख झोउ यौग्वांग १९०६मध्ये जन्मले आणि १११ वर्षं पूर्ण करून २०१७च्या जानेवारीत गेले. आपली पद्धत फोनच्या पडद्यापर्यंत पोहोचलेली त्यांना पाहता आली.

आता ताटातल्या मासळीकडे वळू. मासा म्हणजे 'यू'. शिल्लक उरणं म्हणजेही 'यू', सूरसुद्धा तोच. म्हणून नववर्षाच्या आदल्या रात्री जेवणात मासा हवाच, आणि अनेक घरांत तो पूर्ण संपवत नाहीत, थोडा मुद्दाम उरवतात. 'न्येन न्येन यौ यू', वर्षानुवर्षं शिल्लक राहो, की वर्षानुवर्षं मासा राहो? दोन्ही. दारावर लाल कागदावर 'फू', म्हणजे सौभाग्य, असं चिन्ह लावतात, आणि पुष्कळदा ते उलटं लावतात. उलटं होणं म्हणजे 'ताओ', येऊन पोहोचणं म्हणजेही 'ताओ'. पाहुणा म्हणतो, 'तुमचा फू उलटा लागलाय', आणि त्याच दमात म्हणून जातो की तुमच्याकडे सौभाग्य आलं. वटवाघळाच्या नावातही 'फू' आहे, म्हणून जुन्या चिनी मातीच्या भांड्यांवर आणि रेशमी वस्त्रांवर वटवाघळं काढलेली दिसतात. आपल्याला ती भुताखेतांची सोबती वाटतात. तिथे पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं.

जे शुभाचं तेच अशुभाचं. घड्याळ भेट देणं म्हणजे 'सोंग चोंग'. मरणाऱ्या वडीलधाऱ्याजवळ अखेरपर्यंत थांबून त्याचं शेवटचं सगळं करणं, यालाही 'सोंग चोंग'च म्हणतात. २०१५च्या जानेवारीत ब्रिटनच्या वाहतूक राज्यमंत्री सुझन क्रेमर तैवानची राजधानी तैपेईला गेल्या आणि महापौर को वन-च यांना त्यांनी खिशातलं घड्याळ भेट दिलं. ते भंगारवाल्याला विकतो, असं महापौर पत्रकारांपुढे बोलून गेले. क्रेमरबाईंनी नंतर सांगितलं की अशा भेटीचा असा अर्थ होतो याची आपल्याला कल्पना नव्हती. खरं तर मनगटी आणि खिशातल्या घड्याळाला 'प्याओ' असा वेगळा शब्द आहे, पण पथ्य एवढी बारीक चिकित्सा करत बसत नाही. नवरा-बायकोने एक नासपती चिरून वाटून खाऊ नये, कारण नासपती वाटणं 'फन ली' आणि ताटातूटही 'फन ली'.

हे मराठी माणसाला हसण्यावारी नेण्याचं कारण नाही. आपण कुंकू पुसलं म्हणत नाही, वाढवलं म्हणतो. दुकान बंद न करता 'वाढवतो'. घरातून निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. पण आपण टाळतो तो अर्थ, आणि चिनी माणूस टाळतो तो आवाज. अर्थाशी काडीचा संबंध नसलेला शब्द केवळ सारखा ऐकू येतो म्हणून वाळीत पडतो. जेवणाच्या काड्यांचंच बघा. त्यांचं जुनं नाव 'चू'. थांबणं, अडकून पडणं यालाही 'चू'. नावाड्यांना नावेत हा शब्द नकोसा, म्हणून त्यांनी काड्यांना 'ख्वाय', म्हणजे जलद, म्हणायला सुरुवात केली, अशी नोंद मिंग काळात (चौदावं ते सतरावं शतक) सापडते. आज साऱ्या चीनमध्ये काड्यांना 'ख्वायच'च म्हणतात (च पुन्हा 'चमचा'तला).

आकड्यांबद्दल थोडक्यात. चार आणि मृत्यू यांचा उच्चार एकच, सूर तेवढा वेगळा, म्हणून कित्येक इमारतींत चौथा मजला नसतो. आठचा 'पा' हा भरभराटीच्या 'फा'शी जोडतात. कँटोनीजमध्ये हे दोन शब्द अधिक सारखे वाटतात. बीजिंग ऑलिंपिकचं उद्घाटन ८ ऑगस्ट २००८ला रात्री आठच्या सुमाराला ठेवलं ते उगाच नाही. ५२० हा आकडा 'वू-आर-लिंग' म्हणजे 'वो आय नी', मी तुझ्यावर प्रेम करतो. कान बराच सैल सोडल्याशिवाय मला यात साम्य ऐकू येत नाही. तरीही दर २० मेला लग्ननोंदणीच्या कचेऱ्यांत गर्दी होते.

हीच सवय बोलण्याच्या खास चिनी तऱ्हेपर्यंत जाते. दोन तुकड्यांच्या म्हणी असतात: पहिला तुकडा कोड्यासारखा, दुसरा त्याचं उत्तर. बोलणारा पहिलाच तुकडा बोलतो आणि थांबतो. 'कन्फ्यूशियसने घर बदललं.' पुढचं ऐकणाऱ्याने मनात म्हणायचं: 'सगळी पुस्तकंच पुस्तकं.' पुस्तक म्हणजे 'षू', हरणं म्हणजेही 'षू'. थोडक्यात, हा गडी प्रत्येक डाव हरतो आहे.

असली म्हण भाषांतरात कशी फसते, याचं मोठं उदाहरण १९७०च्या डिसेंबरातलं आहे. माओ त्से-तुंग अमेरिकन पत्रकार एडगर स्नो यांच्याशी बोलत होते. बोलता बोलता ते म्हणाले, मी छत्री धरलेला भिक्षू आहे. म्हणीचा उरलेला तुकडा 'वू फा वू थ्येन': डोक्याचा गोटा म्हणून केस नाहीत, वर छत्री म्हणून आकाश दिसत नाही. केस 'फा', कायदा 'फा'. आणि 'थ्येन' हे आकाशही आहे आणि वरची दैवी सत्ताही. म्हणजे, मी ना कायद्याला जुमानतो ना आभाळातल्या सत्तेला. निव्वळ बेदरकारपणाची फुशारकी. स्नो यांच्या लेखातून जगापुढे आला तो मात्र गळकी छत्री घेऊन जगात एकटाच चालणारा भिक्षू. पाश्चात्त्य वाचकांना त्यात थकलेल्या, विरक्त म्हाताऱ्याचं दर्शन घडलं! शब्द तर सगळे साधे होते. भिक्षू, छत्री. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ओळखेल.

अलीकडे हा खेळ सेन्सॉरला चकवण्यासाठी चालतो. हू जिंताओ चीनचे राष्ट्राध्यक्ष होते त्या काळात 'सुसंवादी समाज' ही सरकारी घोषणा होती. सुसंवाद म्हणजे 'हश्ये'. इंटरनेटवरचा मजकूर उडवला गेला की लोक म्हणत, त्याचा 'सुसंवाद' झाला. मग त्या शब्दावरही नजर बसली, तेव्हा त्याच उच्चाराचा, फक्त सूर वेगळा असलेला, नदीतला खेकडा आला. २०१८मध्ये लैंगिक छळाविरुद्धच्या 'मी टू' मोहिमेची चर्चा चिनी इंटरनेटवर दाबली जाऊ लागली, तर बायका तांदूळ आणि ससा लिहू लागल्या. तांदूळ 'मी', ससा 'थू'.

परदेशी नावांची तर वेगळीच गंमत आहे. निव्वळ ध्वनी दाखवणारी अक्षरं नसल्यामुळे प्रत्येक नावाला चिन्हं निवडावी लागतात, आणि चिन्ह निवडलं की अर्थ आलाच. १९३८मध्ये भारतातून पाच डॉक्टर युद्धग्रस्त चीनला मदतीला गेले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. पाचही जणांच्या चिनी नावांच्या शेवटी 'ह्वा', म्हणजे चीन, हे चिन्ह जोडलं गेलं. कोटणीस झाले 'ख ती-ह्वा'. ते चिनी शिकले, तिथेच त्यांनी लग्न केलं आणि १९४२च्या डिसेंबरात तिथेच वारले. त्यांच्या मुलाचं नाव 'यिन-ह्वा': यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन.

शिकायला किती वेळ लागतो? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांसाठी मँडरिनला २,२०० तासिका धरते. तो हिशेब इंग्रजी बोलणाऱ्यांचा आहे. उच्चारांत आपले काही तास नक्की वाचतात, चिन्हांत एकही वाचत नाही. लिपी कुठली, हे आधीच ठरवावं: चीन आणि सिंगापूरसाठी सोपी केलेली चिन्हं, तैवान आणि हाँगकाँगसाठी जुनी, भरगच्च. दोन्ही एकदम शिकायच्या भानगडीत पडू नये. आणि संस्कृतीचा तास वेगळा ठेवणाऱ्या शिकवणीपेक्षा साधा छापील शब्दकोश घ्यावा, पिनयिनच्या क्रमाने लावलेला. फोनवरचा कोश विचारलेला शब्द दाखवतो आणि थांबतो. छापील कोशात एका उच्चाराची सगळी चिन्हं एकाखाली एक असतात, त्यामुळे एक शब्द शोधताना त्याचे सगळे शेजारी नजरेखालून जातात. कुठल्या पथ्यामागे कुठला शेजारी आहे, हे मग हळूहळू आपलं आपल्यालाच सापडायला लागतं.